मिश्रीचं बोट

नातीनं सिगारेट ओठांत धरली आणि मी तिच्या थोबाडीत मारली.

तिच्या बापाचा, म्हणजे माझ्या मुलाचा, दहावा होता. नदीच्या घाटावर सगळी भावकी जमली होती. पिंड मांडून बराच वेळ झाला होता आणि कावळा काही शिवत नव्हता.

पोर सतरा वर्षांची. तिला भाऊ नाही. पिंड कोण देणार म्हणून भटजींनी भावकीकडं बघितलं, भावकीनं जमिनीकडं बघितलं, तेव्हा तीच पुढं जाऊन पाटावर बसली. मला तिचा अभिमान वाटला होता. त्यानंतर तासाभरात मी तिला मारलं.

त्याआधी माइकवर भाषणं झाली. आमच्या जुन्नर-आंबेगावकडं दहाव्याला भाषणं होतात. मेलेल्या माणसाला ज्यानं कधी पाहिलं नाही तोही बोलतो. असाच एक पुढारी उठला आणि म्हणाला, "मनमिळाऊ, कष्टाळू आणि निर्व्यसनी असा आपला बांधव आज आपल्यातून गेला." मागं कुणीतरी खाकरलं. माझ्या सुनेनं पदर तोंडावर घेतला. ती रडली की हसली ते मला कळलं नाही.

मग पिंड. कावळे समोरच्या जांभळीवर बसलेले, खाली कुणी येईना. सून हात जोडून म्हणाली, "पोरीचं शिक्षण थांबवणार न्हाई." माझा धाकटा दीर म्हणाला, "आमी हाये रे पाठीशी, जा तू." भात होता, भजी होती, आळेफाट्याचा त्याच्या आवडीचा वडापाव होता. कावळे मान वाकडी करून नुसते बघत होते.

तेव्हा त्याचा गॅरेजातला जोडीदार पुढं आला. वीस वर्षं दोघं एकाच ट्रकखाली झोपून काम करायचे. त्यानं खिशातनं पाकीट काढलं. "काकी, राग धरू नका. पण त्याला हीच लागायची."

"मग ठेव की राव," दीर म्हणाला. "आमच्या म्हाताऱ्याच्या पिंडाला बिडी ठेवली व्हती. ठेवली न् लगीच शिवला."

ते खरं होतं. मी तिथं होते.

जोडीदारानं सिगारेट नातीच्या हातात दिली. नुसती नको, पेटवून ठेव, वास गेला पाहिजे, असं बायकांतून कुणी बोललं. नदीवर वारा होता. तीन काड्या विझल्या. सिगारेटचं टोक नुसतं काळं झालं.

"अशी न्हाई पेटत, बाळ," दीर म्हणाला. "वढावी लागती. पिंड तू दिलाय, आता तूच वढ."

पोरीनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि सिगारेट ओठांत धरली.

मी मारलं. सिगारेट वाळूत पडली. म्हातारी दुःखानं भ्रमली असं सगळ्यांना वाटलं असेल. मी भ्रमले नव्हते. दिरानं जे म्हटलं ते मीच एकदा म्हटलं होतं, या पोरीच्या बापाला, तो सात वर्षांचा असताना.

तंबाखू आमच्या घराला नवी नाही. माझं माहेर मेंढरांचं. बाप कळप घेऊन आठ महिने बाहेर असायचा. त्याच्या खांद्याला घोंगडं आणि कमरेला चंची. चंचीत पान, सुपारी, चुना आणि तंबाखू. मेंढराच्या जखमेत किडे पडले की बाप तंबाखू चुन्यात चुरायचा, जखमेत दाबायचा आणि वर चिंधी बांधायचा. किडे बाहेर पडायचे. मी स्वतः पाहिलेत. पावणं आलं की आधी चंची पुढं व्हायची, पाणी मागनं. बापाचं आणि चुलत्याचं बांधावरनं भांडण झालं, दोन वर्षं बोलणं बंद. एक दिवस चुलता मेंढवाड्यापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चुना हाय का?" बापानं डबी दिली. भांडण मिटलं. त्यावर दोघं पुढं एक अक्षरही बोलले नाहीत.

वांग्यावर मावा पडला की आई तंबाखू भिजवून ते पाणी झाडावर शिंपडायची. आता आळेफाट्याच्या टपरीवर पोरं मावा खातात. सुपारी, चुना आणि तंबाखू चोळून देतात त्याला मावा म्हणतात. आम्ही तंबाखूनं मावा मारायचो, यांनी तंबाखूचाच मावा केला. मी हे एकदा टपरीवाल्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "आजी, तुमाला एक पुडी देऊ का?"

चौथीनंतर शाळा सुटली. लग्न होऊन पिंपरी पेंढारच्या बाजूला आले. सासरही मूळचं मेंढरांचंच, पण सासऱ्यांनी शेती धरली होती. सासूबाईंनी मला पहिल्या आठवड्यात मिश्री शिकवली. तंबाखूचं पान लोखंडी तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, हातानं चुरायचं, डबीत भरायचं. पहाटे बोटानं दातांना घासायचं आणि तोंडात धरून बसायचं. पहिल्या दिवशी मला गरगरलं आणि मी गोठ्यात ओकले. सासूबाई म्हणाल्या, "उद्या न्हाई व्हायचं." दुसऱ्या दिवशी थोडं झालं. महिन्यानं मिश्रीवाचून पोट साफ होईना.

यात व्यसन आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. दात घासणं म्हणजे काय व्यसन असतं का? दवाखान्याची बाई घरोघर यायची, कागदावर लिहून घ्यायची. "तंबाखू खाता का?" आळीतल्या सगळ्या बायका म्हणायच्या, "न्हाई बाई." आणि सगळ्यांचं उजव्या हाताचं पहिलं बोट काळं.

सासूबाईंच्या गालाच्या आत म्हातारपणी जखम झाली. भाकरी खाता येईना. आम्ही हळद लावली, लोणी लावलं, देवऋषी केला. पुढं गालाला भोक पडलं आणि पाजलेलं पाणी त्यातनं बाहेर यायला लागलं. त्यातच गेल्या. शेवटचे तीन महिने त्यांना मिश्री मीच लावून द्यायचे, कारण त्यांचा हात वर जात नव्हता. त्या जखमेचं नाव आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आमच्या मालकांना बिडी लागायची. जेवण झालं की ओसरीवर बसायचे. चूल आत. काडेपेटीतली काडी कशाला घालवायची म्हणून बिडी आत पाठवायचे, पोराच्या हातून. पोर चुलीपाशी उकिडवं बसायचं, निखाऱ्याला बिडी टेकवायचं आणि पळत बाहेर जायचं. उंबऱ्यापर्यंत बिडी विझायची. असं दोन-तीनदा झालं. मी भाकऱ्या थापत होते, मला घाई होती.

"आई, इझतीय."

"मग वढ की जरा. न वढता पेटंल व्हय?"

त्यानं ओढली. खोकला. डोळ्यांतनं पाणी आलं. मी हसले. तो पळत ओसरीवर गेला आणि मालक आतल्या बाजूला ओरडले, "शाब्बास!" त्यानंतर बिडी विझली नाही.

दहावीला दोनदा बसून तो आळेफाट्याला गॅरेजात लागला. हात चांगला होता. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून सांगायचा काय बिघडलंय. नाशकाकडनं, नगरकडनं ट्रक यायचे आणि ड्रायव्हर लोक चहाबरोबर सिगारेट पुढं करायचे. आमच्याकडं चंची पुढं करायचे तशीच. तो नको म्हणेना. मालक तोवर बिडीच्या खोकल्यानं अंथरुणाला लागले होते. मी म्हटलं, "बापाचं बघतोस ना?"

"आई, ती बिडी. हिला मागं कापूस असतो. धूर गाळून येतो." त्यानं मला फोडून दाखवली. पांढरा, स्वच्छ कापूस. चंदेरी कागदात घातलेली, गोळ्यांच्या पाकिटासारखी. मला पटलं. खोटं कशाला सांगू, मला ती बरी वाटली. अंगणात थुंकी नाही, तव्याचा ठसका नाही. सून घरात आली तेव्हा तीही म्हणायची, मिश्री भाजली की घर डोक्यावर घेतं, त्यापेक्षा यांचं बरं.

बाप चंची उघडायचा तेव्हा चार माणसं बसलेली असायची. चुना लावायचा, मळायचा, फुंकायचा, वाटायचा. एकदा तंबाखू खायला पाव तास जायचा. माझ्या मुलाला सिगारेटीला कुणीच लागत नव्हतं. पान्याला हात घातला की एक, काढला की एक. एकटाच ओढायचा, उभ्या उभ्या. पाकीट सकाळी भरलेलं, दुपारी रिकामं.

पुढं पाकिटावर सडक्या तोंडाची, फुफ्फुसाची चित्रं यायला लागली. नात तेव्हा आठवी-नववीत असेल. तिनं शाळेच्या फॉर्मसाठी काढलेला स्वतःचा फोटो बापाच्या पाकिटावरच्या चित्रावर डिंकानं चिकटवला. सिगारेट काढताना मी दिसले पाहिजे, म्हणाली. त्यानं फोटो अलगद सोडवून घेतला, पाठीमागचा डिंक नखानं खरवडला, बटव्यात नीट ठेवला आणि सिगारेट पेटवली. पोर दारात उभी राहून बघत होती.

तरी तिचं ऐकलं त्यानं एकदा. घट बसले त्या दिवशी सकाळी मी अंगणात मिश्री लावत बसले होते, तो गाडीला किक मारता मारता थांबला.

"आई, पोरगी लई मागं लागलीय. सोडतो म्हन्लं. पण तूबी सोड."

"मी काय सोडू? मी कुठं वढते?"

"त्या डबीत काय हाये मग, विभूती?"

"मिश्री म्हंजी काय तंबाखू व्हय?"

तो एवढा हसला की गाडी कलंडली असती. नात आतनं पळत आली. "आजी, दोघांनी सोडायची. नऊ दिवस. नऊ दिवस झाले की पुढं जमतं, आमच्या बाईंनी सांगितलंय." तिनं माझ्या हातातली डबी काढून घेतली. त्यानं पाकीट तिच्या हातात दिलं. तिनं दोन्ही वस्तू देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवून कुलूप लावलं.

तो खिसे भरून शेंगदाणे घेऊन जायचा. त्याचे हात थरथरायचे, संध्याकाळी चिडायचा, मग पोरीकडं बघून गप्प बसायचा. पण ओढली नाही. जोडीदार स्वतः सांगून गेला की ओढत नाही म्हणून. माझं डोकं दुसऱ्या दिवसापासून फुटायला लागलं. पोट गच्च. सुनेला विनाकारण बोलले, शेळीला काठीनं मारलं. जन्मात मी उपाशी राहिले, ओझी वाहिली, कधी माघार घेतली नाही. हे मात्र मला झेपेना.

सहाव्या दिवशी दुपारी मी ज्वारीच्या कणगीत हात घातला. तिथं एक पुडी मी पहिल्याच दिवशी लपवली होती. म्हणजे मी सोडणार नाही हे मला आधीच ठाऊक होतं. गोठ्यामागं बसून मिश्री लावली. डोकं उतरलं. चूळ भरली, पेरूचा पाला चावला, हात राखेनं घासला.

संध्याकाळी तो आला. पोरगी दारातच म्हणाली, "पप्पा, सहा झाले." त्यानं माझ्याकडून पाण्याचा तांब्या घेतला आणि घेताना त्याची नजर माझ्या हातावर गेली. बोटाच्या भेगेत काळं राहिलं होतं. राख भेगेत जात नाही. त्यानं माझं बोट धरलं. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आई, तूच हरलीस की गं," म्हणाला आणि हसला. सुटल्यासारखा हसला.

मग अंगणाच्या कडेला गेला. टपरीवरनं घेतलेली एक सिगारेट वरच्या खिशात होती. सहा दिवस तशीच होती. ती पेटवली. नातीनं माझ्या बोटाकडं बघितलं, बापाकडं बघितलं आणि फडताळाचं कुलूप काढून माझी डबी माझ्या पुढ्यात ठेवली.

त्यानंतर दोन वर्षांनी त्याला खोकला लागला तो थांबलाच नाही. थुंकीत रक्त आलं. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरीण बाई तरुण होती, शांत बोलायची. तिनं काचेवर काळा फोटो लावला आणि उजव्या छातीतला पांढरा डाग दाखवला. उशीर झालाय म्हणाली. मग विचारलं, "घरात आणखी कुणी तंबाखू वापरतं?"

"न्हाई, कुणीच न्हाई," मी म्हणाले. तोंडातनं आपोआप गेलं, चाळीस वर्षांची सवय.

माझा मुलगा खुर्चीत वाकून खोकत होता. त्याला बोलता येईना. त्यानं माझा हात धरला, वर उचलला आणि ते बोट डॉक्टरणीला दाखवलं. आणि हसला. बाईनं माझं तोंड उघडायला लावून बॅटरीनं बघितलं. गालात पांढरं झालंय, पण वाईट नाही, आजच्या आज बंद करा, म्हणाली. मी हो म्हटलं. परत येताना एसटीत बसल्या बसल्या मिश्री लावली. माझ्या तोंडात खालचे चार दात उरलेत. मी दात घासत नव्हते, हे तोवर मलाही कळलं होतं.

सात महिन्यांनी तो घरीच गेला. दुपारी, ऑक्सिजनची नळी नाकात असताना. शेवटी बोलायचा ते एकेक शब्द. त्यात सिगारेट कधी मागितली नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण घाटावर सगळे म्हणत होते की त्याचा जीव सिगारेटीत अडकलाय.

घाटावर मी पोरीला मारलं तेव्हा जोडीदार रडायला लागला. "काकी, तिला कशाला मारता? मला मारा. पाकीट मी आणलं." मी वाळूतली सिगारेट पायाखाली घेतली आणि चुरली. भटजी म्हणाले, "आजी, वेळ होतोय. तुमच्या मनात काही असेल तर बोला." दीर म्हणाला, "बोल वहिनी, कदाचित तुझ्यातच अडकला आसंल."

मी कनवटीची डबी काढली. पिंडापाशी गेले. सगळ्यांसमोर बोलायची मला लाज नाही.

"मी हरले व्हते," मी म्हणाले. "आज सोडली. आता जा तू."

डबी नदीत टाकली. ती लगेच बुडाली नाही. थोडी तरंगत गेली आणि मग दिसेनाशी झाली.

कावळा आला नाही. आम्ही ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबलो. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला शिववला. लोक उठले, चपला शोधायला लागले. पोर आईच्या बाजूनं चालत घरी गेली. तिच्या गालावर माझी चार बोटं उठली होती.

गावात अजून बोलतात. म्हातारीनं सिगारेट ठेवू दिली नाही म्हणून कावळा शिवला नाही. असेलही. सिगारेट ठेवली असती तर शिवलाही असता, सासऱ्यांना शिवला होता. त्याचा जीव कशात अडकला होता हे मला माहीत नाही आणि आता विचारायला तो नाही. पण कावळ्यासाठी त्या पोरीला मी धूर ओढू देणार नव्हते. चुलीपाशी एकदा दिला, तेवढा पुरे झाला.

नात माझ्याशी कामापुरतं बोलते. रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी माझ्यापाशी येते, माझा उजवा हात धरते, बोट उजेडाकडं फिरवून भेगेत बघते. मग हात सोडते आणि जाते. मीही न सांगता हात पुढं करते.

सासूबाई गेल्या, मालक गेले. मुलगा गेला तेव्हा त्याला चव्वेचाळीसावं लागलं होतं. मला सत्त्याहत्तर झाली. मी जगले.